लाख डॉलरची काच: कॉर्व्हेटला वेग देणारे झोरा आर्कस-डंटोव्ह

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या लिलावाचे व्हिडिओ बघायचा मला नादच लागलाय. त्यात एक गाडी हमखास दिसते, १९६३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे. नवी होती तेव्हा सव्वाचार हजार डॉलरच्या आसपास मिळायची. आज चांगल्या अवस्थेतली असेल तर लाख डॉलरच्या पुढे जाते. मोठं कारण? मागच्या काचेचे दोन भाग करणारी एक पट्टी. गंमत म्हणजे, या गाडीच्या इंजिनिअरिंगची धुरा ज्यांच्याकडे होती, त्यांना ती पट्टी नकोच होती!

कोण होते झोरा?

झोरा आर्कस-डंटोव्ह यांचा जन्म १९०९ साली ब्रसेल्सचा. आईवडील रशियन ज्यू. बालपण रशियात गेलं, इंजिनिअरिंग बर्लिनमध्ये झालं. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून जीव वाचवत ते फ्रान्समधून निघाले आणि स्पेन, पोर्तुगालमार्गे अमेरिकेत पोहोचले. तिथे भावासोबत कंपनी काढून फोर्डच्या व्ही-८ इंजिनाची ताकद वाढवणारे सिलिंडर हेड बनवले.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांनी पहिली कॉर्व्हेट पाहिली. दिसायला एकदम भारी, पण आत १५० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोनच गिअर. म्हणजे डिस्प्ले फ्लॅगशिपचा, प्रोसेसर बजेट फोनचा! त्यांनी सरळ शेव्हरोलेला पत्र लिहिलं. मे महिन्यात नोकरी मिळाली. वर्ष संपायच्या आत त्यांनी साहेबांना लेखी कळवलं की गाड्यांमध्ये बदल करणारी तरुण पोरं फोर्डकडे जातात. ती आपल्याकडे हवी असतील तर वेगासाठीचे पार्ट आपणच द्यायला हवेत.

आत काय बदललं?

१९५५ मध्ये कॉर्व्हेटला व्ही-८ इंजिन मिळालं. १९५७ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनचा पर्याय आला आणि २८३ घन इंचांच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर निघू लागली. १९६३ च्या स्टिंग रेमध्ये मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होऊ लागली. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याची पकड सुटत नाही.

पट्टी मात्र डिझाइन प्रमुख बिल मिचेल यांची आवड. झोरांचं म्हणणं साधं होतं: चालवणाऱ्याला मागचं दिसलं पाहिजे. १९६३ ला मिचेल जिंकले, १९६४ ला पट्टी गेली. काही मालकांनी तर १९६३ च्या गाडीतली पट्टी कापून अखंड काच बसवून घेतली. आज त्यांना काय वाटत असेल!

मग किंमत कशाची?

१९६७ ची एल-८८ कॉर्व्हेट घ्या. कागदावर ४३० हॉर्सपॉवर, प्रत्यक्षात ५०० च्या वर. पण हीटर नाही, रेडिओ नाही. त्या वर्षी फक्त २० गाड्या बनल्या. त्यातलीच एक २०१४ मध्ये ३८ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. तेव्हा फार कुणी घेतली नाही, म्हणून आज दुर्मीळ. शिवाय, पोरवयात ज्यांनी या गाड्यांची स्वप्नं पाहिली, त्यांच्याकडे पैसा उतारवयात आला.

झोरांचं स्वतःचं स्वप्न वेगळंच होतं: इंजिन ड्रायव्हरच्या मागे, गाडीच्या मधोमध. त्यांनी तशा प्रायोगिक गाड्या बनवल्या, पण कंपनीने तशी कॉर्व्हेट बाजारात आणलीच नाही. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, १९९६ मध्ये गेले. त्यांच्या अस्थी केंटकीतल्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहेत. मधे इंजिन असलेली कॉर्व्हेट अखेर २०२० च्या मॉडेलमध्ये आली.

खरं सांगू? मलाही ती पट्टीवालीच आवडते. पण लिलावात बोली लागते ती आठवणीवर आणि दुर्मीळपणावर. झोरांचं काम बघायचं असेल तर काचेकडे नाही, गाडीच्या खाली वाकून चाकांकडे बघा.