सरकारी तिजोरी, सार्वजनिक शाळा आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आमच्या वाचकांना नव्याने सांगावे लागत नाही. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या घराघरांत मुलांना तोंडपाठ असतात. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या जीवनकार्याच्या एकाच धाग्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. शासनाच्या तिजोरीतील पैसा शाळेपर्यंत आणि शाळेतून मुलापर्यंत पोहोचतो की नाही, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. ज्यांची मुले सार्वजनिक शाळांत व अनुदानावर चालणाऱ्या वसतिगृहांत शिकतात, त्या आपल्या समाजासाठी हा धागा फार जवळचा आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे घरात पुस्तकांचा मान होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. ती शाळा सार्वजनिक पैशावर चालत होती, तरी तेथे त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि पाण्याला हात लावता येत नसे. सरकारचा पैसा शाळा उभी करू शकतो, पण तेवढ्याने शाळा सर्वांची होत नाही, हा धडा त्यांना बालपणीच मिळाला. पुढे मुंबईच्या सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे महाविद्यालयाचे आणि नंतर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण शक्य झाले. बडोदे संस्थानाच्या खजिन्यातील थोडा पैसा योग्य ठिकाणी पडला आणि त्यातून देशाला संविधानाचा शिल्पकार मिळाला, हे आपण विसरू नये.

त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला विषयही अर्थपूर्ण होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विकास हा त्यांच्या कोलंबियातील प्रबंधाचा विषय होता आणि तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकार कर कोठून गोळा करते आणि कोणासाठी खर्च करते, याचा हिशेब त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला होता. म्हणून १९२७ साली मुंबई विधिमंडळाचे सभासद झाल्यावर ते अंदाजपत्रकाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहू शकले.

१२ मार्च १९२७ रोजी शिक्षणखात्याच्या अनुदानावरील चर्चेत त्यांनी सभागृहापुढे आकडे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई अवघे चौदा आणे खर्च करीत होते, आणि अबकारी कराच्या रूपाने त्याच जनतेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करीत होते. दारूतून जेवढे घेता, निदान तेवढे तरी शिक्षणावर परत द्या, असा त्यांचा न्याय्य आग्रह होता. प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी दाखवून दिले. शाळेत आलेले मूल आयुष्यभर साक्षर राहील एवढे शिकूनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांच्या दृष्टीने प्राथमिक शिक्षणाची कसोटी होती. पटावरील नावे मोजून समाधान मानणाऱ्या कारभाराला त्यांनी अशा रीतीने वेगळा हिशेब शिकविला.

त्याच भाषणात त्यांनी मांडलेला एक विचार निवासी शाळेच्या परिवाराने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना रोख शिष्यवृत्ती देण्याची पद्धत त्यांना सार्वजनिक पैशाचा अपव्यय वाटत होती. घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असेल तर शिष्यवृत्तीचे पैसे पोटासाठीच खर्च होणार, आणि अभ्यासाला जागा, दिवा व शांतता यांपैकी काहीही मिळणार नाही, हे वास्तव आपल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. तोच पैसा सरकारी किंवा खाजगी संस्थांच्या वसतिगृहांवर खर्च करावा, अशी त्यांची सूचना होती. हा विचार त्यांनी आधी कृतीत आणला होता. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते.

या भाषणानंतर आठवड्याभरातच, १९ आणि २० मार्चला, महाडची परिषद भरली. चवदार तळ्याचा लढा आणि शाळेचा प्रश्न यांचे मूळ एकच होते. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली पाणवठे, शाळा, दवाखाने अशी ठिकाणे अस्पृश्यांना खुली केली होती. ज्या जागेवर सर्वांचा पैसा खर्च होतो, त्या जागेवर सर्वांचा हक्क असतो, हे तत्त्व महाडला पावलांनी सिद्ध झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाबासाहेब आपल्या बदलापूरला आले आणि तेथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. आपल्या परिसराला लाभलेला हा वारसा मुलांना आवर्जून सांगावा असे आम्हांस वाटते.

पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी आणखी स्पष्ट मागणी केली. दलित वर्गाचे शिक्षण हा प्रांताच्या शिक्षणनिधीवरील पहिला भार मानावा आणि एकूण अनुदानातील न्याय्य वाटा त्यासाठी राखून ठेवावा, असे त्यांनी म्हटले. त्याच वर्षी सरकारने माध्यमिक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना अनुदान मंजूर केले. ती चालविण्यासाठी बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. धारवाडचे वसतिगृह याच प्रयत्नांचे फळ होय. सरकारी अनुदान अपुरे होते, म्हणून त्यांनी दानशूर व्यक्ती व न्यासांकडेही मदत मागितली. शासनाकडून हक्काने घ्यावे आणि उरलेले समाजाने भरून काढावे, ही रीत त्यांनी घालून दिली.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावरही हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अलीगढ व बनारस विद्यापीठांना मिळणाऱ्या अनुदानाकडे बोट दाखवून दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तरतूद मागितली. सरकारने वार्षिक तीन लाख रुपये मंजूर केले आणि विद्यार्थी परदेशी शिकावयास गेले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय अशी संस्थांची उभारणी झाली.

संविधानात हे सारे कायम झाले. शासनाच्या निधीतून चालणाऱ्या वा साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे अनुच्छेद २९ सांगतो. घटना समितीत मोफत शिक्षणाची वयोमर्यादा प्राथमिक इयत्तांपुरती न ठेवता चौदा वर्षांपर्यंत असावी, हा आग्रह बाबासाहेबांनी धरला. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात राबविण्यास बंदी असेल तर ते मूल शाळेत असले पाहिजे, ही त्यांची तर्कशुद्ध मांडणी होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला कायदा यावे लागले.

या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे कामही त्या समितीकडे सोपविले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील नगरपालिका, महानगरपालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांत आपल्या समाजाची असंख्य मुले शिकतात. वर्गखोली, शौचालय, ग्रंथालय यांसाठी किती रक्कम आली आणि ती कोठे गेली, हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या आईवडिलांना आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आपण मोठ्या संख्येने जमतो. समितीच्या बैठकीतही आपण तसेच जमावे, आणि तेथे चौदा आण्यांचा हिशेब मागणाऱ्या त्या महामानवाचे स्मरण ठेवून कागद उलगडून पाहावेत, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना नम्र विनंती आहे. जय भीम, नमो बुद्धाय.