चिंतामणराव देशमुख : नोटेवरची एक मराठी सही



जुन्या नोटा जमवायचा छंद बऱ्याच मुलांना असतो. वर्गात एकदा जुन्या नोटा घेऊन या म्हटलं, की कुणाच्या तरी आजीच्या ट्रंकेतून, पोथीच्या पानांतून एखादी इंग्रज राजाची नोट निघतेच. आपल्या सोलापुरात तर दोन राज्यांचे पैसे निघतात, कारण शेजारच्या तुळजापूर-नळदुर्गात तेव्हा निजामाचा हाली शिक्का चालायचा. अशी सहाव्या जॉर्जची नोट हाती आली तर राजाचं चित्र नंतर बघा. आधी सही वाचा. इंग्रजीत सी. डी. देशमुख असं लिहिलेलं असेल, तर ती नोट मुलांना दाखवून हा धडा नक्की घ्या.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावातला. घराणं रोह्याचं. 1912 साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला गेले ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकायला! पैशाचा संबंधच नाही. (कोणता विषय घेतला म्हणजे मुलाचं भलं होईल, असं पालकसभेत विचारणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.) 1918 च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरीला लागले.

1939 ला ते रिझर्व्ह बँकेत आले. गव्हर्नर जेम्स टेलर 1943 मध्ये वारले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशमुख गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. काळ मात्र महायुद्धाचा, महागाईचा आणि खोट्या नोटांचा. जपान्यांनी इतक्या हुबेहूब नकली नोटा काढल्या, की नोटेवरचं राजाचं एका बाजूने दिसणारं चित्र बदलून समोरून दिसणारं घ्यावं लागलं आणि कागदात पहिल्यांदा सुरक्षा धागा घालावा लागला. घरातल्या दोन नोटा शेजारी ठेवा, फरक मुलं स्वतःच शोधतील.

12 जानेवारी 1946 ला सरकारने 500, 1000 आणि 10000 च्या नोटा रद्द केल्या. काळा पैसा बाहेर काढायचा हा उपाय देशमुखांना फारसा पटलेला नव्हता, पण तो राबवणं त्यांच्याच बँकेच्या वाट्याला आलं. गंमत बघा, 1954 मध्ये 1000 आणि 10000 च्या नोटा परत आल्या, सोबत 5000 ची नवी आली, तेव्हा अर्थमंत्री होते हेच देशमुख! त्या तिन्ही 1978 ला पुन्हा रद्द झाल्या. तेही त्यांनी पाहिलं.

फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानचं चलनही रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. नाशिकला छापलेल्या आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव उमटवून त्या तिकडे चालवल्या. म्हणजे पाकिस्तानच्या पहिल्या नोटांवरही रोह्याच्या देशमुखांची सही होती. संग्राहक या नोटा जपून ठेवतात.

1949 ला ते गव्हर्नरपदावरून उतरले, 1950 ला अर्थमंत्री झाले आणि 1952 ला कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना, स्टेट बँक, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण ही सगळी त्यांच्या काळातली कामं. पण 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचं ठरलं, आणि मुंबईत माणसं पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. त्याची चौकशी होत नाही हे देशमुखांना सहन झालं नाही. आयुष्यभर सरकारी चाकोरीत काम केलेला हा माणूस. त्याने नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि कारण संसदेत उभं राहून सांगितलं. त्यांना आंदोलनकर्ते म्हणता येणार नाही, तरी त्या राजीनाम्याने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला मोठं बळ मिळालं, असं मला वाटतं.

मग विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद, 1959 चा मॅगसेसे पुरस्कार. मेघदूताचं मराठी रूपांतरही त्यांचंच. 2 ऑक्टोबर 1982 ला हैदराबादला ते गेले.

आणि हो, नोट सापडली तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. साध्या पारदर्शक पाकिटात घडी न घालता ठेवा.