हायकोर्टाच्या डेप्युटी रजिस्ट्रारचे आरसे

मुंबईच्या गिरण्यांची धुरांडी विलायतेहून जहाजाने येणाऱ्या कोळशावर धुमसत होती, त्या काळात येथील हायकोर्टाच्या एका डेप्युटी रजिस्ट्राराने निव्वळ उन्हावर वाफेचे इंजिन चालवून दाखविले होते, ही गोष्ट परळ-लालबागच्या किती रहिवाशांस ठाऊक असेल? विल्यम ॲडम्स हे त्याचे नाव. सौरशक्तीच्या इतिहासकारांना तो परिचित आहे. मुंबईला मात्र त्याचे विस्मरण झाले.

फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकाने चांदीचा मुलामा दिलेल्या धातूच्या परावर्तकाने पाणी उकळून वाफ केली होती. ॲडम्सने त्यातील उणिवा अचूक हेरल्या. चांदी महाग, शिवाय ती काळवंडते. आणि एकसंध परावर्तक मोठा करावा, तर सूर्यामागे फिरविणे अवघड. त्याचा तोडगा अगदी साधा होता. साध्या काचेचे छोटे सपाट आरसे एका चौकटीत बसवावे आणि प्रत्येकाचा कल असा साधावा, की सर्वांचे कवडसे एकाच जागी पडतील. बॉयलर जागचा हलवायचा नाही. आरशांची चौकट तेवढी अर्धवर्तुळाकार मार्गावरून दिवसातून तीन-चार वेळा ढकलायची. एवढ्यास एक मजूर पुरे. (हा विचार येथील मजुरीचे दर पाहूनच सुचला असावा!)

१८७८ साली १७ बाय १० इंचांच्या ७२ आरशांनी त्याने १२०० अंश फॅरनहाइटहून अधिक उष्णता मिळविली. मग बॉयलरला अडीच अश्वशक्तीचे इंजिन जोडून मध्य कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरवडाभर पाण्याचा पंप चालविला. त्याच वर्षी त्याचा ग्रंथ भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्याच्या आठ आरशांच्या चुलीवर ऐन जानेवारीत सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजले होते.

गिरण्यांत कोळसा जळतच राहिला. त्याचा सारा दोष गिरणीमालकांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. अडीच अश्वशक्तीने गिरणीचे साचे फिरत नसतात; पावसाळ्याचे चार महिने आभाळ झाकलेले, आणि दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठविण्याची सोय नाही. परंतु पाणी उपसणे आणि अन्न शिजविणे या कामांना तर या अडचणी बऱ्याच कमी होत्या. तेथेही त्याची युक्ती पडून राहावी, हे मात्र अनाकलनीय आहे.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सोलर वन’ हा मनोरा उभा राहिला, तेव्हा त्यातही बॉयलर स्थिर आणि फिरते ते आरसेच होते. त्यांची संख्या १८१८. पुढे लातूरच्या दूध डेअरीत पाश्चरीकरणासाठी ‘अरुण’ ही सौर तबकडी बसली, तीही लहान सपाट आरशांचीच.