मुळशीचे सेनापती

पुणे शहरातून पश्चिमेकडे निघाले म्हणजे सूस लागते; २०२१ पर्यंत ते महापालिकेबाहेरचे, मुळशी तालुक्यातील गाव होते. तेथून पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकून सह्याद्रीच्या कुशीत शिरले, की एक विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. ते निळे पाणी पाहून वाटसरू हरखून जातो. परंतु त्या पाण्याच्या तळाशी एके काळी घरे होती, देवळे होती, भाताची खाचरे होती. ती वाचविण्यासाठी ज्यांनी आपले सर्वस्व पणाला लावले, त्यांत सेनापती बापट यांचे नाव अग्रभागी आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. हे गाव त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. घरची परिस्थिती बेताची होती; पण बुद्धी तल्लख होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी देशसेवेची शपथ घेतली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते एडिंबरोला गेले. तेथे इंग्रजी राज्याच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी जाहीर भाषण केले. त्यामुळे शिष्यवृत्ती बंद झाली. गप्प बसले असते, तर सुखाची नोकरी हात जोडून उभी होती. ती त्यांनी दूर लोटली आणि क्रांतिकार्याची वाट धरली. १९०८ साली ते मायदेशी परतले. मग अज्ञातवास आला आणि कारावासही आला.

सुटका झाल्यावर पारनेरला राहत असताना त्यांनी एक निराळेच शस्त्र हाती घेतले. ते म्हणजे झाडू! पहाटे उठून ते गावचे रस्ते झाडीत. ज्या कामामुळे काही माणसांना हीन लेखले जाई, ते काम हा उच्चशिक्षित ब्राह्मण आपण होऊन करी. मुलाच्या बारशाच्या जेवणात त्यांनी पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसविली. त्या काळी हे धाडस सामान्य नव्हते. परक्याच्या जुलमाविरुद्ध बोलणारा मनुष्य आपल्याच समाजातील जुलूम पाहून मुका राहिला, तर त्याच्या बोलण्याला काय किंमत, हे ते जाणून होते.

त्यानंतर मुळशीचे प्रकरण उभे राहिले. मुंबईला वीज पुरविण्यासाठी मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे टाटा कंपनीने ठरविले. सुमारे ५० गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. सरकारने कायद्याचे बळ कंपनीच्या पाठीशी उभे केले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी आई डोळ्यांदेखत बुडणार, या कल्पनेने मावळे व्याकूळ झाले. बापटांची तेथे वीतभरही जमीन नव्हती. तरीही मावळ्यांचे दुःख त्यांनी आपले मानले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे होते. बायकामुलांसह शेतकरी कामावर जाऊन बसले आणि काम थांबले.

परंतु काही काळाने एकजुटीला तडा गेला. जमिनीचे कागद ज्यांच्या हाती होते, त्या सावकारांना मोबदला हवा होता. जमीन कसणाऱ्या कुळांना जमीनच हवी होती. मनुष्यबळ घटत चालले. बापटांना तुरुंगवास घडला, पण ते मागे हटले नाहीत. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरील आगगाडी सशस्त्र अडविली. शस्त्र उचलण्याचा हा मार्ग अनेक सत्याग्रह्यांना मान्य नव्हता, आणि त्यात तथ्यही होते. त्यांनी मात्र आपले कृत्य नाकारले नाही. सात वर्षांची शिक्षा शांतपणे पत्करून ते सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात गेले. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते या लढ्यामुळे.

धरण झाले, गावे बुडाली. मग सेनापतींचा लढा वाया गेला काय? तसे मुळीच नाही. शेतकऱ्याला न विचारता त्याची भूमी घेणे हा अन्याय आहे, ही गोष्ट त्या लढ्याने देशापुढे मांडली. धरणांमुळे उठविल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न पुढे जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा तेव्हा मुळशीची आठवण झाली.

पुढेही सेनापती स्वस्थ बसले नाहीत. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, १९५५ साली, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते पुढे होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

मुलांनो, आजही जात, धर्म, भाषा यांच्या नावाने माणसामाणसांत भिंती उभ्या केल्या जातात. आजही दुबळ्याच्या हक्कावर पाय देऊन बलवान पुढे जातो. अशा वेळी, माझे यात काय गेले, असे म्हणून मान फिरविणे सोपे असते. वर्गात एखाद्या सोबत्याला बाकीचे बाजूला सारत असतील, तेव्हा तुम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसाल काय? यश मिळेलच असे नाही. पण कोणीतरी बोलले, ही आठवण उरते, आणि पुढच्या माणसाला तिचाच आधार होतो.