काउंट झिंझेनडॉर्फ व हेर्नहूटची बंधुमंडळी

परदेशांत जाऊन सुवार्ता सांगणाऱ्या मिशनऱ्यांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. वादळें, रोग, परकी भाषा व एकाकीपण सोसून त्यांनीं मंडळ्या कशा स्थापन केल्या हें वाचतांना मन भरून येतें. परंतु त्यांस पाठविलें कोणीं, त्यांच्या माघारीं त्यांची चिंता कोण वाहत होतें, त्यांचीं पत्रें कोण वाचीत होतें, याचा विचार सहसा होत नाहीं. झाडाचीं फळें सर्वांस दिसतात. मुळें मातींत असतात. जर्मनींतील काउंट निकोलस लुडविग झिंझेनडॉर्फ यांचें चरित्र म्हणजे अशा मुळांचें चरित्र होय. म्हणूनच तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवावेंसें वाटतें.

झिंझेनडॉर्फ यांचा जन्म ता. २६ मे १७०० रोजीं सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन येथें एका उमराव घराण्यांत झाला. ते अवघे सहा आठवड्यांचे असतांना त्यांचे वडील वारले. पुढें आईनें दुसरा विवाह केला. तेव्हां त्यांचें संगोपन आजीकडे आलें. आजी विदुषी व भक्तिमान होती. फिलिप स्पेनर या प्रसिद्ध धर्मोपदेशकाचा त्या घराशीं निकट संबंध असून तेच या मुलाचे धर्मपिता होते. स्पेनर यांनीं इ. स. १६७० मध्यें फ्रँकफुर्ट शहरीं एक नवी रीत सुरू केली होती. केवळ रविवारच्या उपदेशावर न थांबतां थोड्या लोकांनीं घरीं एकत्र बसावें, शास्त्र वाचावें व एकमेकांस सांभाळावें, अशी ती रीत होती. या बीजाचा वृक्ष पुढें स्पेनर यांच्या या धर्मपुत्राच्या हातून व्हावयाचा होता.

वयाच्या दहाव्या वर्षीं झिंझेनडॉर्फ यांस हाले येथील फ्रांके यांच्या विद्यालयांत घालण्यांत आलें. आपल्या देशाशीं त्यांचा पहिला परिचय येथेंच घडला. तामिळ देशांतील तरंगंबाडी येथें डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें इ. स. १७०६ मध्यें मिशनचें काम सुरू झालें होतें, व तेथील मिशनरी हालेच्या विद्यालयांतून गेलेले होते. त्यांच्या वार्ता फ्रांके यांच्या घरीं मोठ्या आस्थेनें ऐकल्या जात. त्या ऐकून या मुलानें आपल्या कांहीं सोबत्यांसह एक लहानसा संघ काढला व जगांतील सर्व लोकांवर प्रेम करण्याचा निश्चय केला. संघास त्यांनीं मोहरीच्या दाण्याचें नांव दिलें होतें. शाळेंतील मुलांचे असे संघ बहुधा परीक्षेबरोबर संपतात. हा संघ मात्र त्यांच्या मनांत जन्मभर राहिला.

घरच्यांच्या इच्छेस मान देऊन त्यांनीं विटेनबर्ग येथें कायद्याचा अभ्यास केला व इ. स. १७२१ मध्यें ड्रेस्डेनच्या दरबारीं नोकरी पतकरली. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं आजीकडून बर्थेल्सडॉर्फची जहागीर विकत घेतली व एर्डमूथ डोरोथिया या उमराव कन्येशीं विवाह केला. याच वर्षीं, कोणी योजिलेलें नसतां, त्यांच्या आयुष्याचें खरें कार्य त्यांच्या दाराशीं येऊन उभें राहिलें.

बोहेमिया व मोरेव्हिया प्रांतांत जॉन हस याच्या परंपरेंतील बंधुमंडळी पंधराव्या शतकापासून नांदत होती. सतराव्या शतकांत तिचा असा छळ झाला कीं, उरलेसुरले लोक गुप्तपणें आपली श्रद्धा जपून राहिले. त्यांतील कांहीं कुटुंबें घरदार सोडून ख्रिश्चन डेव्हिड नांवाच्या सुताराबरोबर सरहद्द ओलांडून आलीं. काउंटनीं त्यांस आपल्या जमिनींत आसरा दिला. ता. १७ जून १७२२ रोजीं त्या सुतारानें पहिल्या घरासाठीं झाडावर कुऱ्हाड घातली. त्या वस्तीस हेर्नहूट, म्हणजे प्रभूच्या राखणीची जागा, असें नांव पडलें.

पांच वर्षांत वस्ती सुमारें ३०० माणसांची झाली. पण तिच्यांत शांति नव्हती. निरनिराळ्या मतांचे लोक जमले होते, व ज्यांनीं धर्मासाठीं सर्वस्व सोडलें तेच धर्मावरून भांडूं लागले. तेव्हां काउंट दरबारची रजा घेऊन हेर्नहूटला येऊन राहिले. ते जहागीरदार होते. हुकूम सोडून त्यांस भांडणाऱ्यांस हाकलतां आलें असतें. तसें न करितां ते घरोघर गेले व प्रत्येकाचें म्हणणें त्यांनीं ऐकून घेतलें. ता. १२ मे १७२७ रोजीं सर्वांनीं एकत्र वागण्याचे नियम मान्य केले. ता. १३ आगस्ट रोजीं बर्थेल्सडॉर्फच्या मंदिरांत प्रभुभोजनाच्या वेळीं सर्वांचीं मनें इतकीं विरघळलीं कीं, तो दिवस बंधुमंडळी आपल्या नव्या जन्माचा दिवस मानते.

परंतु एका दिवसाची भक्ति एका दिवसांत ओसरूंही शकते. ती टिकविण्याची जी व्यवस्था काउंटनीं लावली तींत त्यांची खरी बुद्धिमत्ता दिसते. त्यांनीं मंडळीचे लहान लहान मेळे केले. पुरुषांचे वेगळे व स्त्रियांचे वेगळे असे हे मेळे थोड्याच माणसांचे असत. ते नियमानें जमत. प्रत्येकजण आपल्या मनाची स्थिति उघडपणें सांगे व सर्व मिळून एकमेकांसाठीं प्रार्थना करीत. मोठ्या सभेंत मागच्या बांकावर लपून बसतां येतें. चौघांच्या मेळ्यांत तें साधत नाहीं. त्याच आगस्ट महिन्यांत २४ पुरुष व २४ स्त्रियांनीं दिवसरात्रीचे तास वांटून घेऊन अखंड प्रार्थना चालू केली, व ती पुढें शंभरांहून अधिक वर्षें चालली. इ. स. १७२८ पासून रोजच्या दिवसासाठीं एक शास्त्रवचन देण्याची चाल पडली. इ. स. १७३१ सालासाठीं तीं वचनें प्रथम पुस्तकरूपानें छापलीं गेलीं. तें पुस्तक आजही दरसाल अनेक भाषांत निघतें. शिवाय महिन्यांतून एक दिवस सर्व मंडळी जमे, व दूरदूरच्या मित्रांकडून आलेलीं पत्रें मोठ्यानें वाचून दाखविलीं जात. घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वींच त्या खेडेगांवाचे कान जगाकडे लागले होते.

इ. स. १७३१ मध्यें काउंट डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकासाठीं कोपनहेगनला गेले. तेथें त्यांस अँटोन नांवाचा एक आफ्रिकी वंशाचा माणूस भेटला. वेस्ट इंडीजमधील डेनिश लोकांच्या ताब्यांतील सेंट थॉमस बेटावर तो गुलाम होता, व त्याचीं भावंडें अजून तेथेंच उंसाच्या मळ्यांत राबत होतीं. त्यांस देवाविषयीं सांगणारा कोणी नाहीं, हें त्याचें दुःख होतें. काउंटनीं ती गोष्ट हेर्नहूटला सांगितली. ती ऐकून लेओनार्ड डोबर या तरुण कुंभारास रात्रभर झोंप लागली नाहीं. मंडळीनें त्यास घाईनें पाठविलें नाहीं. सुमारें एक वर्ष विचार, प्रार्थना व परीक्षा चालली. अखेर ता. २१ आगस्ट १७३२ रोजीं पहांटेस डोबर व डेव्हिड निट्शमान हा सुतार निघाले. काउंटनीं त्यांस आपल्या गाडींतून बाउटझेन गांवापर्यंत पोंचविलें व हातांत थोडेसे पैसे दिले. तेथून कोपनहेगनपर्यंत ते पायीं गेले. ता. १३ डिसेंबर रोजीं ते बेटावर उतरले. तेथें सुतारानें आपल्या हत्यारांवर दोघांचें पोट भरलें. मिशनऱ्यानें होतां होईल तों हाताच्या कामावर राहावें, हा बंधुमंडळीचा शिरस्ता येथूनच पडला.

पुढल्या वर्षीं ख्रिश्चन डेव्हिड व दोघे सोबती ग्रीनलंडच्या बर्फांत गेले. तेथें पहिला मनुष्य, कायार्नाक, आपल्या कुटुंबासह इ. स. १७३९ च्या ईस्टर सणास बाप्तिस्मा घेई तोंपर्यंत सहा वर्षें लोटलीं. या सहा वर्षांत ज्यांनीं प्रार्थनेचा आपला तास सोडला नाहीं त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. तथापि ग्रीनलंडची मंडळी त्यांचीही आहे.

सेंट थॉमस येथें फ्रेडरिक मार्टिन या सेवकानें हेर्नहूटच्या धर्तीवर गुलामांचे लहान मेळे बांधले. त्या मेळ्यांचे पुढारी गुलामांपैकींच असत. रिबेका नांवाची एक तरुणी, जी पूर्वी गुलाम असून मुक्त झाली होती, संध्याकाळीं मळ्यामळ्यांतून चालत जाऊन स्त्रियांस शिकवी. मळेवाल्यांस हें खपलें नाहीं. त्यांनीं उपासकांस फटके मारले. रिबेका, तिचा मिशनरी पति व मार्टिन यांस कैदेंत टाकण्यांत आलें. इ. स. १७३९ च्या जानेवारींत काउंट स्वतः बेटावर आले, तेव्हां हे तिघे कैदेंतच होते. काउंटनीं गव्हर्नरकडे जाऊन त्यांची सुटका करविली. त्यांच्या कैदेच्या काळांतही मेळे मोडले नव्हते. परत जातांना साडेसहाशेंहून अधिक गुलाम शिष्यांच्या वतीनें लिहिलेले अर्ज काउंटबरोबर डेन्मार्कच्या राजाराणीकडे गेले. उपासनेचें स्वातंत्र्य एवढेंच त्यांचें मागणें होतें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. निरोपाच्या भाषणांत काउंटनीं गुलामांस धन्याची आज्ञा पाळण्याचा उपदेश केला, व त्यांची गुलामगिरी ही ईश्वरी योजना असल्याचें सांगितलें. इतकेंच नव्हे, तर त्या बेटावर मिशननें स्वतः मळा घेतला होता व त्यांत गुलाम राबत होते. ज्यांस प्रार्थनेच्या वेळीं बंधु म्हणावयाचें त्यांसच इतर वेळीं मालमत्तेंत गणावयाचें, ही विसंगति त्या भल्या माणसांच्या लक्षांत आली नाहीं. त्या बेटांवरील गुलामगिरी ता. ३ जुलै १८४८ रोजीं संपली, व तिच्या अंतासाठीं त्या दिवशीं स्वतः गुलामच उठले होते. थोरांच्या चुका थोरपणाच्या पदराखालीं लपवूं नयेत; चरित्र वाचण्याचा अर्धा लाभ त्यानें नाहींसा होतो.

काउंट यांस स्वदेशींही सुख नव्हतें. इ. स. १७३६ मध्यें सॅक्सनीच्या सरकारनें त्यांस हद्दपार केलें. अकरा वर्षें ती बंदी उठली नाहीं. त्या काळांत ते इंग्लंड व अमेरिकेसही गेले, व इ. स. १७४१ च्या नाताळांत पेन्सिल्व्हेनियांतील नव्या वसाहतीस त्यांच्या उपस्थितींत बेथलेहेम हें नांव मिळालें. पति सतत प्रवासांत असतां जमिनीचा व जमाखर्चाचा भार एर्डमूथबाईंनीं वाहिला. बारा अपत्यांपैकीं बहुतेक त्यांनीं लहानपणींच गमावलीं होतीं. दूरच्या बेटांवर जे पैसे पोंचत त्यांच्यामागें या बाईंचा हिशेब होता, हें विसरतां कामा नये.

पुढें हेर्नहाग येथील वसाहतींत एक निराळेंच संकट आलें. भक्तीचें रूपांतर पोरकट भावनेंत व वाढत्या खर्चांत झालें. याला काउंट यांची स्वतःची अलंकारिक भाषाही पुष्कळ अंशीं कारण झाली. भोंवतालचे लोक त्यांची स्तुति करीत. त्यांस स्पष्ट बोलून दाखविणारे थोडे होते. ज्या मेळ्यांत मनुष्य एकमेकांस खरें सांगे, त्यांच्या संस्थापकालाच खरें सांगणारा मेळा उरला नव्हता. इ. स. १७४९ मध्यें त्यांनीं कडक पत्रें लिहून हा प्रकार थांबविला, व कर्जाचा बोजा स्वतःच्या शिरावर घेतला. प्रिय पुत्र इ. स. १७५२ मध्यें व पत्नी इ. स. १७५६ मध्यें निवर्तली. ता. ९ मे १७६० रोजीं हेर्नहूट येथें त्यांनीं देह ठेवला. निरनिराळ्या देशांतील ३२ सेवकांनीं त्यांची शवपेटी पाळीपाळीनें वाहिली. ग्रीनलंडहून आलेलाही सेवक त्यांत होता. त्या वेळेपर्यंत त्या लहानशा मंडळीनें २२६ मिशनरी बाहेर पाठविले होते.

या कार्याचा प्रवाह पुढें दूरवर गेला. जॉन वेस्ली इ. स. १७३८ मध्यें हेर्नहूट पाहून आले, व मेथडिस्ट लोकांच्या लहान वर्गांवर बंधुमंडळीच्या मेळ्यांची छाप पडली. विल्यम केरी यांनीं इ. स. १७९२ च्या आपल्या ग्रंथांत बंधुमंडळीच्या श्रमांचा दाखला देऊन इंग्लंडच्या मंडळ्यांस जागें केलें. हेच केरी पुढें श्रीरामपुरास आले व इ. स. १८०५ मध्यें त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. म्हणजे हेर्नहूटच्या दिव्याचा एक कवडसा आपल्या मायबोलीवरही पडला आहे. बंधुमंडळीचे सेवक इ. स. १८५६ मध्यें हिमालयांतील लाहूल प्रांतीं केलांग येथें, व इ. स. १८८५ मध्यें लेह येथें स्थायिक झाले. लेहची मंडळी आजही नांदत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, झिंझेनडॉर्फ श्रीमंत उमराव होते, पण हें कार्य त्यांच्या संपत्तीनें झालें नाहीं. संपत्ति तर कर्जांत गेली. कार्य उभें राहिलें तें कुंभार, सुतार, विणकर व दासी यांच्या लहान लहान मेळ्यांवर. एका ठिकाणीं चार माणसें एकमेकांशीं खरेंपणानें वागूं लागलीं, म्हणून हजारों कोसांवर दुसरीं चार माणसें एकत्र बसूं शकलीं. तुम्हांपैकीं सर्वजण परदेशीं जातील असें नाहीं. परंतु गेलेल्याचें पत्र आलें असतां तें वाचण्यास जमणारीं, त्याच्यासाठीं आपला एक तास राखून ठेवणारीं, व तो चुकला तर त्यास प्रेमानें तसें कळविणारीं चार माणसें प्रत्येक गांवांत निघूं शकतात. हेर्नहूट हें तरी एक खेडेंच होतें.