पंडिता रमाबाई : वियोगानंतरचा सहवास

दुष्काळ हा विषय अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही पर्जन्यमान, धान्याचे भाव आणि मृत्यूचे आकडे यांच्या आधारे शिकवितो. त्या आकड्यांत अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंबही होते, हे मात्र सांगावयाचे बहुधा राहून जाते. पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविणाऱ्या ह्या विद्वान ब्राह्मणाने तीर्थयात्रा आणि पुराणकथन ह्यांत आयुष्य वेचले. १८७४ नंतरच्या दुर्भिक्षात प्रथम ते गेले, पाठोपाठ पत्नी आणि थोरली मुलगी. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी धाकटी रमा. उंची कमी पडली म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला.

रमाबाईंच्या चरित्राची सुरुवात मला १८५८ च्या जन्मापासून नव्हे, ह्या प्रसंगापासून करावीशी वाटते. पुढे भाऊबहीण पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पण दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने तोही गेला. पदरी उरली मनोरमा, वर्षाच्या आतली.

पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत आढळले होते. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे ख्रिस्ती भगिनी पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांची ममतेने शुश्रूषा करीत. ते पाहून, असे का करतात, हा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरादाखल त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकावयास मिळाली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात जे रण माजले, ते आजही पुरते शमलेले नाही. त्या वादात मी येथे शिरत नाही, कारण त्यात रमाबाईंच्या जीवनातली एक मोठी गोष्ट झाकली जाते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना स्वतःलाच उमगले की, आपण धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. बिशपांशी तत्त्वांवर वाद घालण्याइतकी तीक्ष्ण बुद्धी असलेल्या स्त्रीने हे कबूल करणे सोपे नव्हते. त्यानंतर मात्र त्यांच्या लेखी तो ग्रंथातला पुरुष राहिला नाही, घरातला सोबती झाला.

ही सोबत कोठे दिसते? माझ्या मते ती उपासनेपेक्षा धान्यकोठारात अधिक स्पष्ट दिसते. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुण्यास आले. तेथे धर्मप्रसार होतो ह्या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार समितीतून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. त्यांचा राग सर्वस्वी अस्थानी होता असे मला म्हणवत नाही. धर्मनिरपेक्षतेचे आश्वासन दिलेल्या संस्थेच्या चालकांनी ते किती ताणावे, हा प्रश्न खरा होता.

पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि वीस वर्षांपूर्वीची ती तिरडी वाहणारी मुलगी जागी झाली. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया बरोबर घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना दोन वेळा अन्न द्यावयाचे म्हणजे केवढा जमाखर्च! विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. अंगावरच्या उवा आणि खरूज स्वच्छ करीत असताना तो आपल्याजवळ आहे, अशी त्यांची धारणा होती. दुष्काळात जी हाक कोणी ऐकली नाही, ती ऐकणारा आता आपल्या हातांनी काम करतो, असा तिचा अर्थ मी लावतो. १९०५ च्या सुमारास मुक्तीत भावनेचे जे उधाण आले, ते मला तितकेसे उमजत नाही, विहिरी उमजतात.

अखेरची सतरा-अठरा वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालविली. हिंदू कल्पनांशी निगडित संस्कृत शब्द कटाक्षाने टाळल्यामुळे ते भाषांतर जागोजागी अवघडलेले वाटते. संस्कृतच्या पंडितेने संस्कृतला दिलेली ही सोडचिठ्ठी मनाला चटका लावते. पण ज्यांच्यासाठी ते होते, त्या स्त्रियांना पंडिती भाषा कोठून कळणार?

काम संपत आले असता, २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता संस्थेची वारस मानलेली एकुलती एक मुलगी. ह्या वेळी रमाबाई कोठे निघून गेल्या नाहीत; मुद्रिते तपाशीत राहिल्या. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. शेवटचे मुद्रित हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावीच त्यांचा अंत झाला.