एमील बोदो

ज्याँ-मोरीस-एमील बोदो (११ सप्टेंबर, १८४५ – २८ मार्च, १९०३) हे फ्रेंच तार अभियंते होते. पाच समान लांबीच्या संकेतांची लिपी आणि एकाच तारेवरून अनेक संदेश पाठविणारे छापील तारयंत्र ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. संदेशवहनाचा वेग मोजण्याचे 'बॉड' हे एकक त्यांच्याच नावावरून आले आहे.

== बालपण व नोकरी ==
बोदो यांचा जन्म फ्रान्सच्या ओत-मार्न विभागातील मान्यो या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. गावच्या प्राथमिक शाळेपलीकडे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. तरुणपणी ते वडिलांच्या शेतीत राबत. १८६९ मध्ये ते तार खात्यात उमेदवार म्हणून लागले आणि ह्यूज यांच्या छापील तारयंत्रावर काम शिकण्यासाठी पॅरिसला गेले. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी लष्करी तारसेवा बजावली.

== शोध ==
त्या काळी तारमार्ग ही फार महाग वस्तू होती. तार टाकण्यास अमाप खर्च येई, पण संदेश पाठविणाऱ्या माणसाचा हात तारेच्या क्षमतेच्या मानाने अतिशय संथ चाले. दोन अक्षरांच्या मधल्या वेळात तार रिकामीच राही. हा वाया जाणारा वेळ इतरांना वाटून देण्याची कल्पना बोदो यांच्या आधी बेर्नार मेयर यांनी मोर्स लिपीच्या संदर्भात वापरली होती. परंतु मोर्स लिपीतील अक्षरांची लांबी सारखी नसते, त्यामुळे प्रत्येकाला नेमका किती वेळ द्यावा हे ठरविणे अवघड जाई. बोदो यांनी प्रत्येक अक्षराला पाचच संकेत दिले. प्रत्येक संकेत दोहोंपैकी एका स्थितीत असल्याने बत्तीस जुळण्या मिळतात. अक्षरे आणि अंक यांच्यात पालट करणाऱ्या खुणा ठेवल्यामुळे एवढ्यांत काम भागले. नोकरी सांभाळून, फावल्या वेळात त्यांनी हे यंत्र घडविले आणि १७ जून, १८७४ रोजी त्याचे एकस्व घेतले. १८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर त्याची चाचणी झाली.

यंत्राचा गाभा म्हणजे फिरता वितरक. त्याच्या चकतीवरील पितळी भागांवरून ब्रश फिरे आणि तार क्रमाने एकेका कर्मचाऱ्याच्या ताब्यात जाई. पलीकडच्या टोकाचा वितरक याच्याशी अचूक ताल राखून फिरे. कर्मचाऱ्यापुढे पाच कळा असत. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. आपली पाळी आल्याचा ठोका यंत्र देई आणि त्या ठोक्याबरोबर कळा दाबाव्या लागत. मिनिटाला १८० फेऱ्या धरल्या तर एका कर्मचाऱ्याची १८० अक्षरे, म्हणजे सुमारे ३० शब्द जात. चार जण बसले की १२० शब्द. ताल चुकला की अक्षर चुकले, म्हणून या कामाला गायनवादनातल्यासारखा लयीचा सराव लागे.

== वाद आणि हलाखी ==
लुई मिमो नावाच्या दुसऱ्या संशोधकाने ही कल्पना आपली असल्याचा दावा लावला. न्यायालयाने प्रथम मिमो यांच्या बाजूने कौल दिला. पुढे तो रद्द होऊन खर्चही मिमो यांच्यावरच पडला. मिमो यांनी मग नुकसानभरपाई आणि सन्मानाची मागणी केली. ती फेटाळणाऱ्या समितीचे प्रमुख, तार खात्यातील अधिकारी ज्यूल रेनो यांचा त्यांनी गोळी घालून खून केला. शोधाच्या श्रेयावरून असा रक्तपात क्वचितच झाला असेल.

बोदो यांचा संसारही सुखात नव्हता. १८९० मध्ये त्यांचा विवाह झाला. प्रकृती साथ देत नव्हती आणि संशोधनास खात्याकडून पुरेसे अर्थसाह्य मिळत नव्हते. प्रदर्शनात मिळालेले सुवर्णपदक त्यांना विकावे लागले. पॅरिसजवळील सो येथे वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

== नंतरचा प्रभाव ==
माणसाच्या हाताचा वेग तारेच्या वेगाशी जखडलेला असणे हा बोदो पद्धतीतील मोठा दोष होता. न्यूझीलंडचे डॉनल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास टंकयंत्रासारख्या कळफलकावर कागदी फीत छिद्रित करण्याची सोय करून तो दूर केला. फीत हवी तेव्हा, जमेल त्या गतीने तयार करावी आणि यंत्राने ती एकसारख्या वेगाने तारेवर पाठवावी. साठवण आणि प्रेषण यांचे वेग येथे वेगळे झाले, असे म्हणता येईल. पुढील आंतरराष्ट्रीय तारलिपी मरे यांच्या या सुधारित संकेतांवरच आधारलेली आहे. भारतीय तार खात्यातही मोठ्या शहरांमधील मार्गांवर बोदो यंत्रे चालत. लहान तारघरे मोर्सवरच राहिली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

== बॉड ==
१९२६ मध्ये 'बॉड' हे एकक स्वीकारण्यात आले. १ बॉड म्हणजे सेकंदाला एक संकेत. टेलेक्सचा वेग ५० बॉड असे. पाच संकेतांना आरंभाचा एक आणि शेवटचा दीड मिळून प्रत्येक अक्षराला साडेसात एकके लागत, म्हणून मिनिटाला ४०० अक्षरे निघत. फितीवर इंचाला दहा अक्षरे बसत. म्हणजे मिनिटाला ४० इंच, जेमतेम एक मीटर फीत सरके.

बॉड आणि बिट प्रतिसेकंद यांची गल्लत विद्यार्थी नेहमी करतात. एका संकेतात अनेक बिट मावू शकतात : २,४०० बॉडचा एक प्रमाणित मोडेम एका संकेतात सहा बिट भरून १४,४०० बिट प्रतिसेकंद वाहून नेई. दुसरी गल्लत बिट आणि बाइटची. माधवनगरच्या एखाद्या विद्यार्थ्याने ५६ किलोबिटच्या मोडेमवरून एक भरलेली १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी पाठवायला घेतली असे समजू. फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट असतात. आठने गुणले की १,१७,९६,४८० बिट होतात आणि ५६,००० ने भागले की सुमारे २११ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटे लागतात, तेही मोडेमला पूर्ण वेग मिळाला तर. फ्लॉपीयंत्र स्वतः मात्र सेकंदाला ५ लाख बिट वाचते, मोडेमच्या जवळपास नऊपट. या तफावतीमुळे मधे तात्पुरती स्मृती ठेवावी लागते. मरे यांच्या कागदी फितीचे कामही हेच होते.